खुंट्या ठोकण्याचं गाणं

"बाबा, तुम्हाला फक्त दोन गोष्टी करायच्या आहेत," गाडीतून उतरता उतरता लेकीनं पुन्हा एकदा बजावलं. "मान डोलवायची आणि तोंड बंद ठेवायचं."

"आणि झोपायचं कुठं?" गादीवाल्यांनी विचारलं.

"तंबूत. जमिनीवर."

गादीवाल्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. ज्या माणसानं जन्मभर सगळ्या गावाला मऊ झोपवलं, कापूस, काथ्या आणि फोम या विषयांत ज्याचा शब्द अखेरचा, त्याला भर उन्हाळ्यात लोकसंगीत महोत्सवाच्या मैदानावर ढेकळांना पाठ लावायची वेळ आली होती. आणि गंमत म्हणजे हे त्यांनी आपल्याच जिभेनं ओढवून घेतलं होतं. लेकीला ऑफिसातला एक मुलगा आवडला. मुलगा चांगला, सरळमार्गी. पण त्याचे वडील लोकसंगीताचे प्राध्यापक. पहिल्याच भेटीत त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला लोकसंगीताची आवड आहे का?" चहा छान झाला होता, गप्पा रंगल्या होत्या. गादीवाले बोलून गेले, "आवड? अहो, वेड आहे वेड!"

झालं! प्राध्यापक म्हणाले, "मग उन्हाळ्यात महोत्सवालाच या. आम्ही दरवर्षी तंबू टाकून राहतो. माणूस तंबूत कळतो. तिथंच काय ते ठरवू." काय ते म्हणजे लग्न.

खरी गोष्ट अशी, की ढोल वाजला की गादीवाल्यांचं डोकं उठायचं. दुकानावरून एखादी मिरवणूक गेली, तर ती लांब जाईपर्यंत ते दोन्ही कानांत नमुन्याचा कापूस घालून बसत. हे लेकीला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, दुकानातल्या नोकरांना माहीत होतं. फक्त प्राध्यापकांना माहीत नव्हतं, आणि ते कळू द्यायचं नव्हतं.

मैदानावर तंबूंची वस्ती पडली होती. एरवी एका सुरकुतीसाठी इस्त्रीवाल्याच्या अंगावर धावून जाणारी माणसं इथं मुद्दाम चुरगळलेले कपडे घालून हिंडत होती. जो तो अस्सल काहीतरी शोधत होता. चहा अस्सल, धूळ अस्सल, आणि नळाला पाणी नव्हतं तेही अस्सलच. प्राध्यापकांचा तंबू केव्हाच उभा राहिला होता. त्याच्या दारात विहीणबाई स्टोव्हशी झटत होत्या. त्या फारसं बोलत नसत. म्हणजे बोलल्या असत्या, पण प्राध्यापक मध्ये थांबत नसत.

गादीवाल्यांनी आपला तंबू एका मांडववाल्या मित्राकडून फुकट मिळवला होता. फुकटच्या वस्तूला जे असतं ते याही तंबूला होतं. दोऱ्या कुजलेल्या, म्हणून मित्रानं त्यांच्या जागी तारा बांधून दिल्या होत्या. तार खुंटीला गुंडाळायची, खुंटी पिळायची, तार ताणली की खुंटी ठोकायची, असं शास्त्र त्यानं सांगितलं होतं. गादीवाले आत खांब धरून उभे राहिले आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, हातोडा घेऊन बाहेर.

"डावी खुंटी पीळ!" आतून आवाज आला.

"पिळली!"

"तार सैल आहे अजून! ताण! अगं, एवढी नको, तुटेल!"

"मग या बाहेर आणि ताणा तुम्ही!"

शेजारच्या तंबूत प्राध्यापकांनी कान टवकारले. खुंटी पिळायची, तार ताणायची... आपले व्याही वाद्य जुळवताहेत! आणि कुठलं वाद्य? आजवर पत्ता लागू दिला नाही पठ्ठ्यानं! ते चवड्यांवर चालत बाहेर आले. नेमका तेव्हाच वारा सुटला. गादीवाल्यांच्या नाकावर माशी बसली, ती हाकलायला त्यांनी खांबावरचा हात काढला, आणि अख्खा तंबू त्यांना घेऊन खाली बसला.

इथं काकूंचा संयम संपला. पाठमोऱ्या असल्यामुळे मागं कोण उभं आहे ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी हातोडा उचलला आणि प्रत्येक घावासरशी एकेक हिशेब चुकता करायला सुरुवात केली.

"वेड आहे म्हणे, वेड आहे!" ठक्!

"हो गं हो!" कापडाखालून उत्तर आलं.

"डोंगर दाखवा म्हटलं, तर दुकान आहे!" ठक्!

"हो गं हो!"

"जगाला गादी अन् मला ढेकूळ!" ठक्!

"हो गं होऽऽऽ!" हा शेवटचा हो लांबला, कारण खांब नडगीवर आला होता.

"अहाहा!" मागून आवाज आला. काकू दचकून वळल्या. प्राध्यापक मोबाइलवर रेकॉर्डिंग करत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"श्रमगीत!" ते म्हणाले. "खुंट्या ठोकण्याचं अस्सल श्रमगीत! जगाला गादी अन् मला ढेकूळ! कष्टकऱ्याचं सगळं दुःख एका ओळीत आलं हो!"

बघता बघता गर्दी जमली. चष्मा लावलेल्या एका संशोधक बाईंनी सांगितलं, की हे गाणं त्यांच्या आजीच्या माहेरी गात असत, आता ते लुप्त झालंय. दुसरे एक विद्वान म्हणाले, लुप्त झालेलं नाही, ते फार पूर्वी पलीकडच्या खोऱ्यात गेलं. दोघांत तिथंच वाद पेटला आणि दोघांनीही आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून काकूंकडे बोट दाखवलं.

गादीवाले कापडाखालून रांगत बाहेर आले. "अहो, कसलं गाणं? आम्ही तर भां—"

लेकीनं त्यांच्या पायावर पाय दिला. "बाबा, मान!"

गादीवाल्यांनी तोंड मिटलं आणि मान डोलवली. प्राध्यापक तेव्हा नेमके विचारत होते, "मग आज संध्याकाळी मुख्य रंगमंचावर सादर करणार ना?"

"वा! कबूल!" प्राध्यापकांनी गादीवाल्यांना मिठीच मारली. "गाणं झालं की तिथंच आपल्या मुलांचं लग्न जाहीर करतो. अहो, माणसं खरी हवीत, बाकी काय! गेल्या वर्षी एका मित्राचं पारंपरिक गीत साबणाच्या जाहिरातीतलं निघालं. वर्गमित्र होता, पण तोडला! फसवणाऱ्याच्या घरचं मी पाणीसुद्धा पीत नाही."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. आता आई-बाबा स्टेजवर धड भांडले तर लग्न, नाही तर साबणवाल्याच्या पंगतीला.

तंबूमागच्या सावलीत तालीम सुरू झाली.

"हं, भांड," गादीवाले म्हणाले.

"कशावरून?"

"कशावरूनही. एरवी कुठं कारण लागतं? माझ्या आईवरून भांड."

काकूंनी बराच विचार केला. "त्या बिचाऱ्या तशा चांगल्या होत्या हो."

गादीवाले हादरलेच. "बरं, माझ्या घोरण्यावरून?"

"सवय झाली आता. घोरला नाहीत तर मलाच झोप लागत नाही."

"अगं, काय हे! पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि तुला आजच प्रेम सुचतंय?"

"मग तुम्ही चिडवा ना मला."

पण चिडवणंही जमेना. इतक्या वर्षांत हातात हात घेऊन बसायची वेळ आली नव्हती, ती त्या दुपारी आली. लेक लांबून बघत कपाळावर हात मारत होती.

संध्याकाळी रंगमंच उजळला. मध्ये मातीचा ढीग, त्यात खुंटी, खुंटीसमोर माइक. प्राध्यापकांनी ओळख करून दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन डोळे मिटून बसले. मैदान गच्च भरलेलं, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. काकूंनी हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"अगं, बोल!" गादीवाले कुजबुजले.

"सुचत नाही!"

"कमाल आहे! घरात चोवीस तास तोंडाचा पट्टा चालू, आणि आज नेमकी दातखीळ बसली?"

कुजबूज माइकनं पकडली आणि सगळ्या मैदानाला ऐकवली. काकू सावकाश वळल्या. ती नजर गादीवाल्यांच्या ओळखीची होती. त्यांना बरंही वाटलं आणि घामही फुटला.

"तोंडाचा पट्टा म्हणे माझा!" ठक्!

"हो गं हो!"

"गाण्याची आवड नाही काडीची!" ठक्!

"हो गं... अगं, हळू, हळू!"

"ढोल वाजला की कानात कापूस!" ठक्!

"कानात कापूस, हो गं हो!" सगळं मैदान गर्जलं. कुणीतरी ढोल धरला. काकूंना आता कोण आवरणार?

"सोयरीक जमवायला मारल्या थापा!" ठक्!

लेकीनं डोळे गच्च मिटले. सगळं संपलं! पण पहिल्या रांगेत प्राध्यापक शेजाऱ्याला सांगत होते, "थापा! ऐकलंत? ढोलावरच्या थापा! काय श्लेष साधलाय!"

लेक सोडली, तर समोर बसलेल्यांत खरा प्रकार कळलेली एकच व्यक्ती होती. विहीणबाई उठल्या, पदर खोचून सरळ रंगमंचावर चढल्या आणि काकूंपुढे हात केला. काकूंनी एक शब्द न विचारता हातोडा त्यांच्या हातात दिला.

"जगातल्या बायांची गाणी टिपली!" ठक्!

"घरातलीचं वाक्य नाही ऐकलं!" ठक्!

"पाठ दुखते, गुडघा दुखतो, तरी उन्हाळा आला की चला तंबूत!" ठक्! ठक्!

लोक अक्षरशः उभे राहिले. प्राध्यापकांचे डोळे उघडले होते. "हे पारंपरिक नाही," ते चाचरत म्हणाले. "थांबवा! हे... हे आमच्या घरचं आहे!"

"ओ, गप्प बसा हो," मागून कुणीतरी खेकसलं. "अस्सल गाणं चाललंय."

गादीवाल्यांना दया आली. ते रंगमंचावरून वाकून अनुभवाचं सांगू लागले, "व्याहीबुवा, वाद घालू नका. नुसतं हो गं हो म्हणा. लवकर आटपतं."

प्राध्यापकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बारीक आवाजात म्हटलं, "हो गं हो." टाळ्यांचा कडकडाट झाला.

विहीणबाईंनी घाम पुसला आणि माइक हातात घेतला. "लग्न ठरलं," त्या म्हणाल्या. "ते छपराखाली होईल, आणि मी गादीवर बसेन." एवढं बोलून त्या काकूंचा हात धरून खाली उतरल्या.

खाली पायऱ्यांशी आता बायकांची रांग लागली होती. संशोधक बाई सगळ्यांत पुढं होत्या. नवरेमंडळींना मात्र एकाएकी घरची कामं आठवली आणि मैदानाच्या कडेनं तंबू भराभर उतरू लागले.

होणारा जावई हे सगळं बघत लेकीजवळ उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ऐक ना," त्यानं घसा खाकरला. "तुलाही मला काही बोलायचं असलं तर... आत्ताच बोल. मी मनाला लावून घेणार नाही."

लेकीनं रांगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहून गोड हसली.

"छे रे, आत्ता कुठं?" ती म्हणाली. "आधी लग्न तर होऊ दे."