पंधरा मिनिटांची दुरुस्ती

गाडी तिसऱ्या वळणावर बंद पडली, तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की गाडी बंद पडलेली नाही, ती दम घेतेय.

गाडी तेवीस वर्षांची होती. चारही चाकांनी ओढणारी, पेट्रोलवरही चालणारी आणि गॅसवरही. मिस्त्रींनी पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली होती आणि या गाडीचा निम्मा भाग त्यांनी आपल्या हाताने कातून बसवला होता. मागचा ट्रेलर ओढायचा हूक तर नखशिखांत त्यांचाच. गॅरेजवाल्याला त्यांनी आजवर गाडीचं बॉनेट उघडू दिलं नव्हतं. परक्या माणसाने हात लावला की गाडी बिथरते, असं ते गंभीरपणे सांगत.

आज ट्रेलरवर लेकीच्या क्लबच्या सहा होड्या होत्या. घाटापलीकडच्या तलावावर वल्हवण्याच्या शर्यती होत्या आणि दहाच्या आत होड्यांची नोंद व्हायला हवी होती. क्लबची बाकी पोरं बसने पुढे गेली होती. होड्या पोचल्या नाहीत, तर ती सगळी काठावर हात हलवत बसणार होती. गाडीत मिस्त्री, मागे लेक आणि पुढे मिस्त्रींच्या शेजारी त्यांची बायको. तिची अख्खी नोकरी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची.

"बाबा, पेट्रोलवर टाका ना," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी बटण फिरवलं. इंजिन खोकत सुरू झालं, पण क्लच सोडला की मान टाकायचं. टाकीतलं पेट्रोल सहा महिन्यांचं जुनं होतं. गाडी सकाळी सुरू करण्यापुरतं ते चालायचं, चढावर सहा होड्या ओढण्याइतकी त्याच्यात धमक नव्हती. म्हणजे गॅसवरच जायला हवं. मिस्त्रींनी अस्तन्या सारल्या, मागून हत्यारांची पेटी काढली आणि प्लग बदलायला घेतले.

जुन्या प्लगांकडे त्यांनी असं पाहिलं, जसं शिक्षक नापास पोराच्या वहीकडे पाहतो. नवे बसवले, किल्ली फिरवली, आणि गाडी गॅसवर एका झटक्यात सुरू झाली.

"प्लग," ते एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दात पस्तीस वर्षांची नोकरी होती.

पाचव्या वळणावर गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी मिस्त्रींनी प्लगांना ठिणगी वाटून देणारं झाकण काढलं, आतून पॉलिशपेपरने घासलं, फुंकर मारली, परत बसवलं. किल्ली फिरवली. गाडी सुरू. मग त्यांनी वाटेत दोघींना समजावून सांगितलं, की दोष दोन असले की साधा मेकॅनिक पहिल्यावरच समाधान मानतो आणि तिथेच फसतो. लेक घड्याळाकडे बघत हो हो म्हणत होती. साडेआठ वाजून गेले होते.

सातव्या वळणावर गाडी तिसऱ्यांदा थांबली. मिस्त्री दार उघडून उतरणार, तेवढ्यात सिस्टरने त्यांच्या दंडावर हात ठेवला. सकाळपासून ती खिडकीशी बसून संत्री सोलत होती आणि हूं की चूं केलं नव्हतं.

"अहो, या खेपेला काहीच करू नका."

"काहीच म्हणजे?"

"काहीच नाही. बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. नुसतं बसायचं."

मिस्त्रींना ते चांगलंच लागलं. रस्त्यात गाडी बंद आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, ही कल्पनाच त्यांना अब्रूला झोंबणारी वाटली. पण लेकीनेही आईचीच बाजू घेतली, तेव्हा ते फुगून समोरच्या दगडाकडे बघत बसले. शेजारून दोन मोटारी आणि एक ट्रक वर गेला. ट्रकवाल्याने मदत हवी का असं हाताने विचारलं, तर मिस्त्रींनी देखावा बघायला थांबल्यासारखं दरीकडे बोट दाखवलं.

पंधरा मिनिटांनी सिस्टर म्हणाली, "आता लावा."

गाडी सुरू झाली. एका झटक्यात, अगदी प्लग बदलल्यावर झाली होती तशीच.

आपण दोन दुरुस्त्या केल्या आणि बायकोने एकही केली नाही, आणि गुण मात्र सारखाच आला, हा हिशोब मिस्त्रींच्या डोक्यात काही केल्या जुळेना. लेक मागे ओठ दाबून बसली होती. सिस्टरने त्यांना संत्र्याची एक फोड दिली आणि सांगितलं, की मघाशीही दोन्ही वेळा बरोबर पंधरा मिनिटंच गेली होती. ती घड्याळात बघत होती. थिएटरमधली सवय.

नवव्या वळणावर गाडी थांबली, तेव्हा आधी सिस्टर उतरली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. भर उन्हात, तापलेल्या इंजिनाच्या कडेला मुठीएवढा एक डबा होता आणि त्याच्यावर पांढरी धूळ बसल्यासारखं काहीतरी दिसत होतं. सिस्टरने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"बर्फ आहे हा. आमच्याकडे सिलिंडरमधून गॅस जोरात सोडला की त्याचं तोंड असंच गोठायचं. हा डबा कशाचा?"

मिस्त्री सांगू लागले. टाकीतून पातळ गॅस इथे येतो, इथे त्याची वाफ होते आणि मग ती इंजिनात जाते. चढावर गॅस जास्त लागतो, तसा डबाही जास्त गार पडतो. डबा गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी या दोन पाइपांतून सतत त्याच्याभोवती फिरतं. एवढं सांगून त्यांनी एका पाइपाला हात लावला, मग दुसऱ्याला. दोन्ही गार. पाणी फिरतच नव्हतं. गाडी थांबली की इंजिनाच्या धगीने बर्फ वितळायचा, त्याला पंधरा मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात मिस्त्रींची एक दुरुस्ती आटोपायची.

पाइपाच्या तोंडाशी ओल होती, तिथून थेंबथेंब पाणी गळून गेलं होतं. क्लिप अर्धीच आवळलेली होती.

"हा पाइप कोणी बदलला?" लेकीने विचारलं.

मिस्त्रींना थाप मारता आली असती. पण त्यांनी आयुष्यात सुताएवढी चूकही लेथवर लपवली नव्हती.

"मीच. मागच्या रविवारी," ते म्हणाले आणि पाना घेऊन खाली वाकले.

त्यांनी क्लिप आवळली. इंजिन निवेपर्यंत थांबून फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि क्लबच्या पोरांसाठी आणलेल्या बाटल्यांमधलं पाणी हळूहळू आत ओतलं. चार बाटल्या गेल्या. इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. मग पाइप असा काही तापला, की हात लावून मिस्त्रींनी चटका खाल्ला आणि खुशीत हसले.

उरलेला चढ गाडी न थांबता चढली. दहाला आठ मिनिटं कमी असताना सहा होड्या तलावाच्या काठावर उतरल्या. लेक आणि तिची जोडीदारीण शर्यतीत दुसऱ्या आल्या. मिस्त्रींनी काठावरून एवढा आरडाओरडा केला, की पहिल्या आलेल्या मुलींनीही वळून पाहिलं.

दुपारी गाड्या लावल्या होत्या तिथे मिस्त्रींनी जमलेल्या ड्रायव्हरांना सकाळची हकीगत सांगितली. क्लिप आपणच ढिली ठेवली, हेही सांगितलं. "मी दोन-दोन दुखणी शोधत होतो," ते म्हणाले, "हिने नुसता हात लावून सांगितलं." ऐकणारे वाढत गेले, तशी मिस्त्रींची छातीही.

तेवढ्यात दुसऱ्या क्लबचा एक जाडजूड ड्रायव्हर घाईने आला. त्याची जुनी गाडी सुरूच होत नव्हती आणि मागे होड्यांचा ट्रेलर जोडलेला होता. मिस्त्रींनी अस्तन्या सारल्या आणि पुढे झाले. तो त्यांना वळसा घालून सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, जरा आमचीही बघता का?"

"मला गाडीतलं काही कळत नाही हो," सिस्टर म्हणाली. मग पदराला हात पुसत उठली. "पण चला, बघते."

मिस्त्रींनी सारलेल्या अस्तन्या खाली सोडल्या. मग त्यांनी हत्यारांची पेटी उचलली, तिच्या मागोमाग निघाले, आणि त्या गाडीभोवती जमलेल्या माणसांना कोपराने हळूच सारत म्हणाले,

"जरा बाजूला व्हा. त्यांना उजेड येऊ द्या."