ऋताला कोण रडवणार

गुणाकरच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली त्याला पाच आठवडे झाले होते. दर रविवारी त्याचे सहा फोटो नागपूरला जात. आधी नुसता स्वस्थ चेहरा, मग भुवया वर, डोळे मिटून, दात दाखवून, गाल फुगवून, ओठांचा चंबू. बालाघाटहून सारख्या खेपा घालण्यापेक्षा ई-मेल करा, असं तिथल्या फिजिओथेरपीच्या देवश्रीबाईंनीच सुचवलं होतं. सायबर कॅफेवाला पवन आपला डिजिटल कॅमेरा घेऊन घरी यायचा. काढलेला फोटो तिथल्या तिथे कॅमेऱ्याच्या काचेवर उमटे आणि गुणाकरची आई गोदाबाई दर वेळी श्वास रोखून बघत बसे.

चेहऱ्याचे व्यायाम मात्र रोज, आरशासमोर, सात महिन्यांच्या ऋताला मांडीवर घेऊन व्हायचे. तेवढ्या वीस मिनिटांत तिची आई चारुलता आंघोळ, कणीक, दुपट्यांचा पिळा असं सगळं उरकायची. आतून पोरीचं खिदळणं ऐकू आलं की तिलाही जरा बरं वाटायचं.

त्या रविवारी ऋता बापाबरोबर फोटोत आली. पवनने फोटो मोठा केला, तशी चारुलता हातातली वाटी खाली ठेवून जवळ आली. ऋता हसत होती आणि तिच्या ओठांची एकच कड वर गेली होती. थेट बापासारखी.

"भाभी, लेन्स साफ आहे," पवन कोणी न विचारताच म्हणाला.

दुसऱ्या फोटोतही तेच. गोदाबाईंनी आधी कूलर बंद केला. बापाला त्याचीच हवा लागली होती, आता पोरीलाही लागली, असं त्यांचं ठाम मत. भर मे महिन्यात ऋताच्या कानांवरून रुमाल बांधला गेला. ती त्यातूनही हसली, एका कडेनं. गुणाकर उठला आणि आपली खुर्ची ओसरीत घेऊन गेला. रोज त्या गालाचे पापे घेणारा तोच होता.

पवन कॅफेत जाऊन ऋताचे फोटो पाठवून आला, तो बाईंचं उत्तर छापून घेऊनच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी खात्रीसाठी बाळ रडत असतानाचा फोटो पाठवा. रडताना दोन्ही बाजू सारख्या हलल्या, तर काळजी नाही.

एरवी तेल लावताना आळी डोक्यावर घेणारी ऋता आज तेलालाही हसली. खुळखुळा काढून घेतला, तर रिकामी मूठ हलवून हसली. चारुलताने चिमटा काढायला बोटं नेली आणि तिथेच पापा घेतला. गोदाबाई पदराआडून वाघासारख्या गुरगुरल्या, तेव्हा तर पोर उचकी लागेपर्यंत हसली.

"हिले काहून रडू येऊन नाही राह्यलं आज?" गोदाबाई घाम पुसत म्हणाल्या.

बॅटरी संपत आली होती. गुणाकरचे फोटो राहिलेच होते, त्यातला स्वस्थ चेहरा तेवढा उरकून घेऊ, म्हणून पवनने त्याला आत बोलावलं. तो ऋतासमोर बसला आणि कॅमेऱ्यासाठी चेहरा अगदी निश्चल केला.

ऋता हसली. समोर काही हललं नाही. ती पुन्हा हसली, कड जरा जास्त उचलून, आणि वाट बघत राहिली. चारुलता जागच्या जागी थबकली. ज्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघायचं लोक टाळत होते, तो ही एवढीशी रोज वाचत होती, गिरवत होती. तिसऱ्यांदा तिची हनुवटी थरथरली. मग तिनं भोकाड पसरलं. दोन्ही डोळे, दोन्ही गाल, ओठांच्या दोन्ही कडा, सगळं सारखं.

"खींच, खींच," गुणाकर ओरडला. काय झालं म्हणून धावत आलेल्या शेजारच्या मैनाबाईंना एक रडणारं मूल आणि त्याच्याभोवती आनंदानं हसणारं अख्खं घर दिसलं. त्या आल्या पावली परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाळ उत्तम आहे, ते बापाची नक्कल करतं. पण बाळ रडताना फोटोच्या कडेला हसताहेत ते आपले पेशंटच ना? त्यांच्या डाव्या गालाला घडी पडली आहे.

गुणाकर आरशासमोर जाऊन बसला. खूप जोर लावला. गाल हलेना.

"मंग पुन्हा रडवाची का हिले?" गोदाबाईंनी गंभीरपणे विचारलं.

चारुलताने ऋताला त्याच्या मांडीवर ठेवलं. ऋता आरशातल्या बापाकडे बघून हसली, एकाच कडेनं. आणि तिच्या डोक्यावर, काचेत, गुणाकरच्या ओठांची दुसरी कड तांदळाच्या दाण्याएवढी वर गेली.