नग क्रमांक चारशे बारा

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, ठेवतो मी माझ्याकडे," असं नगबाबू म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत कचेरीतल्या बडेबाबूंची कागदावर सहीसुद्धा झाली होती.

मोठा बंगला म्हणजे सरकारातल्या सगळ्यात वरच्या साहेबांचं निवासस्थान. दीडशे वर्षांचं जुनं. आत झुंबरं, आरसे, नक्षीची कपाटं, सिंहाच्या पंजांचे पाय असलेली टेबलं, अशा चार हजारांवर वस्तू. त्या सगळ्यांची नोंदवही नगबाबूच्या ताब्यात. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा आणि वर्षातून एकदा जमिनीवर पालथं पडून तो नंबर जागेवर आहे ना ते बघायचं, ही त्याची नोकरी. दिसेल त्या वस्तूला तो 'नग' म्हणे, म्हणून हाताखालचे लोक त्याला नगबाबू म्हणत. (त्याची पाठ वळली की नुसतं 'नग'.)

तर नव्या साहेबांच्या पाठीला जुना पलंग सोसवेना. नग क्रमांक चारशे बारा. शिसवी लाकूड, चार उंच खांब, वर छत, उशाच्या फळीवर कोरलेले द्राक्षांचे घोस. तो संग्रहालयात जायचा होता, पण संग्रहालयाच्या गाडीला सवड नव्हती. कोठीचं छप्पर गळत होतं. आणि कोठीला लागूनच, बंगल्याच्या मागच्या आवारात, नगबाबूचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं.

सहा हमालांनी पलंगाचे तुकडे आणून बाहेरच्या खोलीत रचले. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली.

"हे काय आणलंत?"

"चार दिवसांचा तर..."

"पाय कुठं ठेवायचा आम्ही?"

या 'आम्ही'त नगबाबूचे वडीलही होते. म्हातारा छत्तीस वर्षं त्याच बंगल्यात लाकूडसामानाला पॉलिश करत होता. लाख आणि स्पिरिटच्या वासात जन्म गेला, आणि त्यात छाती गेली. आता दहा पावलं चालला की भिंत धरून उभा राही. डॉक्टरांनी नगबाबूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता औषधाचं काही राहिलेलं नाही, आराम पडेल तेवढं बघा.

बापलेकाचं फारसं जमत नसे. मुलानं हातात फडकं घ्यावं अशी बापाची इच्छा होती, त्यानं पेन घेतलं. "इतकी वर्षं खुर्च्या बघतोस," म्हातारा म्हणे, "पण एकीचं तोंड तुला ओळखता येणार नाही. तू फक्त बुडं बघितलीस."

दुसऱ्याच दिवशी संडासातून येताना म्हातारा पलंगाच्या खांबाला अडखळला आणि पडला. हाड मोडलं नाही, पण गुडघा फुटला. नगबाबू धावत आला. त्यानं आधी खांबाला चरा गेला का ते बघितलं आणि मग बापाला उठवलं. (बायकोनं हे पाहिलं. नंतर तिनं त्यावर एक अक्षरही काढलं नाही, म्हणूनच ते त्याच्या डोक्यातून जाईना.)

"हा उभा करा," ती म्हणाली. "निदान वाट मोकळी होईल."

पलंग उभा करायचा तर म्हाताऱ्याची लोखंडी खाट गॅलरीत काढणं भाग होतं. म्हातारा खुर्चीत बसून धापा टाकत सूचना देत होता. आधी उशाची बाजू. ती पाचर नको, तिची जोडीदारीण दे. हाणू नकोस, ती आपणहून बसेल. तासाभरात पलंग उभा राहिला आणि खोली संपली.

"बाबांनी झोपायचं कुठं?" नगबाबूनं विचारलं.

बायकोनं नुसतं पलंगाकडे बघितलं.

"वेड लागलंय का? हा वापरायचा पलंग नाही!"

"मग पलंग कशाला म्हणतात याला?"

म्हातारा उठून उभा राहिला. खांबावरून त्यानं तळवा खालपर्यंत फिरवला. सुनेला म्हणाला, "जरा पाणी दे गं. पाय धुवून घेतो."

नगबाबूनं एकच अट घातली. गादीवर त्यानं तीन पदरी प्लास्टिक अंथरलं. डाग पडला तर कुठल्या रकान्यात दाखवायचा? त्यावर चादर. म्हातारा नुसता कुशीवर वळला तरी सगळं घर कुरकुरत असे.

चार दिवसांचे सात झाले. म्हाताऱ्याला पलंग मानवला. खाटेवर पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या सुकायला लागल्या. सकाळी तो सुनेला बोलावून फडकं कसं धरायचं, कुठं दाबायचं, कुठं नुसतं टेकवायचं ते शिकवी. ती घरकाम उरकून तासभर पुसत बसे. नगबाबू कचेरीतून येई तेव्हा दोघांच्या गप्पा चाललेल्या असत, आणि तो आत आला की त्या थांबत.

आठव्या दिवशी संग्रहालयाच्या बाई येऊन थडकल्या. पलंगाची पाहणी करायला. नगबाबूला गेटवरून फोन आला तेव्हा त्या निम्म्या वाटेवर होत्या.

"बाबा, उठा! पाच मिनिटं गॅलरीत बसा!"

"मला उठवत नाही रे."

शेवटी नवराबायकोनं पलंगाच्या चारी बाजूंना चादरी टांगल्या. बाई आल्या. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग.

"झाकलाय का?"

"धूळ बसू नये म्हणून."

आतून खोकला आला. बाई थबकल्या.

"जुनं लाकूड," नगबाबू म्हणाला, "हवा बदलली की आवाज करतं."

बाईंनी मागच्या डाव्या खांबावर बोटानं टकटक केली.

"तिथं ठोकू नका, बाई," लाकूड म्हणालं. "तो खांब खोटा आहे."

बाईंनी चादर बाजूला सारली. आत म्हातारा उशीला टेकून बसला होता, एखादा साहेब भेटीला आलेल्यांची वाट पाहत बसावा तसा.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच केलाय. मूळचा हलवाहलवीत मोडला. तेव्हाचे बडेबाबू रडायला लागले, नोकरी जाणार म्हणून. मी सागवानी खांब घडवला. काजळी आणि लाख लावून शिसवीचा रंग आणला. चौतीस वर्षांत कुणाला कळलं नाही."

नोंदवहीत 'चारही खांब मूळचे' असा शेरा होता. त्याखाली दरवर्षी एक, अशा नगबाबूच्या वीस सह्या होत्या.

बाईंनी भिंग लावून खांब वरपासून खालपर्यंत पाहिला. मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या आणि वही काढली. दोन तास त्या विचारत होत्या आणि म्हातारा, मध्येमध्ये दम घेत, सांगत होता. कुठल्या आरशाची चौकट कुणी सोनेरी केली, कुठल्या मेजाचा खण कधी बदलला. नगबाबू दारात उभा राहून ऐकत होता. यातलं अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

निघताना बाई त्याला म्हणाल्या, "मंगळवारी पलंग न्यायला माणसं पाठवते. तोवर यांना दुसरीकडे हलवा. आणि पलंगाच्या उजव्या पायातून भुसा पडतोय. आत कीड आहे."

"हलवू कुठं?"

"ते मी कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सावकाश हलवा."

हलवायची वेळ आली नाही. मंगळवारी सकाळी नगबाबू दाढी करत होता. बाहेरच्या खोलीत प्लास्टिक कुरकुरलं, परत कुरकुरलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तो साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला. बायको पलंगाजवळ फडकं हातात घेऊन उभी होती.

डॉक्टर येऊन कागद लिहून गेले. नगबाबूनं शववाहिकेला फोन लावला. ऐकू कमी येणारे आणि चटकन तापणारे त्याचे मामा पलीकडच्या गल्लीतून आले आणि दारातच खुर्ची टाकून बसले. नगबाबू आणखी कुणाकुणाला कळवायला परसात गेला होता, एवढ्यात टेम्पो आला. दोन माणसं उतरली.

"न्यायला आलोय," एक म्हणाला.

"आत आहेत," मामा म्हणाले. "जपून न्या."

"त्याची काळजी नको. रोजचं काम आहे. जड आहे का फार?"

"होते एकेकाळी. आता काय राहिलंय?"

"दारातून अख्खा निघणार नाही. आधी पाय सुटे करून घेऊ."

मामांनी कानामागे हात धरला. "काय करून घेऊ?"

"पाय. मग वरचा भाग वेगळा न्यायचा. तिकडे नेऊन परत जोडतो की, काळजी करू नका."

"अरे, माणुसकी आहे का तुम्हाला?"

"आजोबा, तो आतून पोखरलाय. भुसा पडतोय त्याच्यातून. त्याला आधी तीन दिवस औषधाच्या धुरीत कोंडायचा, मग पॉलिश करून लोकांना बघायला ठेवायचा."

"तो? तो म्हणतोस? वडीलधारा माणूस आहे!"

"असेल ना. दीडशे वर्षांचा आहे."

मामांनी काठी उचलली. आरडाओरडा ऐकून नगबाबू धावत आला, तेव्हा एक माणूस टेम्पोच्या मागे होता आणि दुसरा काठी धरून "आजोबा, आजोबा" करत होता. नगबाबूला एका क्षणात सगळं समजलं, आणि त्याला हसू फुटलं. ते थांबेना. तो उंबऱ्यावर बसला, आणि हसता हसता केव्हा रडायला लागला ते मामांनाही कळलं नाही. त्यांनी काठी खाली ठेवली.

माणसांनी टोप्या काढल्या. शववाहिका दुसरीकडे अडकली होती, तास लागणार होता. ते दोघं आपापसांत काहीतरी बोलले आणि आत आले. खिशातून त्यांनी पांढरे मोजे काढून हातात चढवले. एकानं मानेखाली हात घातला, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली, आणि कुठं धक्का लागू न देता म्हाताऱ्याला उचलून गॅलरीतून परत आणलेल्या खाटेवर ठेवलं. खाली उरलेलं प्लास्टिक बायकोनं ओढून काढलं आणि त्याची घडीसुद्धा न घालता नगबाबूच्या हातात दिलं.

पलंग गेला. म्हातारा गेला. चौदाव्या दिवशी नगबाबू कामावर हजर झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणी न मागता खुलासा लिहिला. दीड पान. सरकारी पलंगावर माझे वडील अकरा दिवस झोपले व त्यावरच वारले. मागचा डावा खांब त्यांनी घडवलेला आहे. चारही खांब मूळचे असं मी वीस वेळा न बघता लिहिलं. होईल ती शिक्षा मान्य आहे. कागद देऊन आल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागली. नोकरी गेली तर काय करायचं, याची नवराबायकोनं शांतपणे चर्चासुद्धा केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बायकोनं मोठ्यानं वाचलं.

'आपला खुलासा मिळाला. नग क्रमांक चारशे बारामध्ये आढळलेली कीड आपल्या निवासस्थानातील लाकूडसामानातून शिरली किंवा कसे, याची तपासणी करण्यासाठी कर्मचारी येत आहे. सहकार्य करावे.'

"बाकी?" नगबाबूनं विचारलं.

तिनं कागद उलटून पाहिला. "बाकी काही नाही."

कर्मचारी आला. बॅटरी, टोचा आणि पत्र्याचा फवारा घेऊन. त्यानं खाट ठोकली, ती लोखंडी. कपाट पत्र्याचं. ट्रंक पत्र्याची. खुर्च्या प्लास्टिकच्या, मांडणी सिमेंटची, दारंसुद्धा सरकारनं गेल्याच वर्षी फायबरची बसवलेली. स्वयंपाकघरात एक लाटणं तेवढं लाकडी सापडलं, ते त्यानं उजेडात धरून बघितलं आणि परत ठेवलं. मग खोलीच्या मधोमध उभा राहून त्यानं सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"तुम्हीच ना ते, बंगल्यातलं सगळं फर्निचर सांभाळणारे?"

"हो. चार हजार दोनशे नग."

छापील कागदावर त्यानं एक ओळ लिहिली आणि कागद पुढे केला. 'सदर निवासस्थानी किडीने खाण्याजोगे काहीही आढळले नाही.'

नगबाबूनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा लावून, घरातल्या एकेका वस्तूशी ताडून पाहिलं. खाली 'समक्ष तपासले, बरोबर आहे' असं लिहून त्यानं सही केली.