टीव्हीशी भांडणारे भुजंगमामा

आमच्या मानवत गावचे भुजंगमामा टीव्ही बघत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. खुर्ची पार पुढ्यात ओढून बसतात आणि माहितीपटातल्या माणसानं तोंड उघडलं रे उघडलं की यांचं सुरू, "थांब. तुला कुणी सांगितलं?"

मी शेजारी. आमच्या घरचा रिमोट बायकोच्या ताब्यात, म्हणून संध्याकाळी मामांकडे जातो आणि रोज पस्तावतो. परवा जंगल दाखवत होते. निवेदक गळा भरून म्हणाला, "हा वाघ आज उदास आहे." मामा म्हणाले, "वाघ ह्याच्यापाशी रडला व्हता का? जेवून सुस्तावला आसंल बिचारा." दुसऱ्या कार्यक्रमात एक बाई सांगत होत्या, अनवाणी चाललं की मन शांत होतं. "माझं निम्मं आयुष्य अनवाणी गेलं," मामा माझ्याकडे वळले, "मी कधी शांत दिसलो का रे तुला?" मी खरं ते सांगितलं, नाही म्हणून.

विनोदी कार्यक्रमांचे तर हाल विचारू नका. मामा जन्मभर जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायला होते. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा आणि माल कसा ते सांगायचं. विनोदालाही तोच न्याय. किस्सा लांबला की, "पाणी मारलंय, वजन वाढवायला." शिळा निघाला की, "कवडी हाय," म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. त्यातून पडद्यावरचे प्रेक्षक हसले की मामांचं टाळकंच सरकतं. "हे कामून हसायलेत? रोजानं आणलेत का?" आता यावर मी काय डोंबल हसणार? घरी येऊन बायकोला सांगताना मात्र हसू आवरत नाही.

मामी वारल्यापासून घरात मामा एकटेच. लेक शिवकन्या पुण्यात असते, स्टेजवर उभी राहून लोकांना हसवते. तिनं पहिल्यांदा फोनवर एक किस्सा ऐकवला तेव्हा मामा सवयीनं बोलून गेले, "कवडी हाय." झालं. तेव्हापासून पोरगी जेवलात का, गोळी घेतली का एवढंच विचारायची. मामांना ते फार लागलं. "माझी जीभ कामून झडली न्हाई तवा," असं एकदा मला म्हणाले.

आणि मागच्या रविवारी शिवकन्या टीव्हीवर येणार होती. मामांनी सगळी गल्ली घरात गोळा केली, चिवडा केला आणि दम भरला, "मधी कुणी बोलायचं न्हाई." हे कोण बोलतंय, म्हणून मी बघतच राहिलो.

शिवकन्या आली, माइक धरला आणि म्हणाली, "माझे बाबा दिवसभर टीव्हीशी भांडतात. त्यांना टीव्ही फार आवडतो, कारण तो उलटून बोलत नाही." गल्ली हसून लोळायची बाकी. मामा पडद्याला डोळे लावून. कार्यक्रम संपेपर्यंत अवाक्षर नाही. शेवटी समोरच्या सुमनकाकूंनी विचारलंच, "भुजंगराव, माल कसा हाय?"

"घरच्या मालात आपण हात घालायचा नसतोय. जिनिंगवर माझ्या भावाची गाडी आली की मी बाजूला व्हायचो, दुसरा बघायचा. तुमी सांगा."

"एक नंबर," काकू म्हणाल्या. मामांनी डोळे पुसले, आमच्यादेखत.

गल्ली पांगली. मी चपला घालत होतो, तेवढ्यात शिवकन्याचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"बघितलं का तुमी? कसं झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"लय चांगलं झालं, बाई. सगळे हसले. मला लय बरं वाटलं." मग म्हणाले, "पण एक चूक हाय त्यात."

मी कपाळावर हात मारला. तिकडून ती हळूच म्हणाली, "सांगा."

"टीव्ही उलटून बोलत न्हाई म्हणून आवडतो म्हणलीस. तसं न्हाई. तुझी माय एका शब्दाला दहा शब्द बोलायची, मला त्याची सवय हाय. घरात कुणीतरी बोलायलंय एवढंच म्हणून लावतो मी. तो उलटून बोलला आसता, तर लय बरं झालं आसतं."

मी चपला काढल्या आणि पुन्हा मामांच्या शेजारी जाऊन बसलो.