पाहणीचा काळ आणि मुका बाप

नियमांच्या बाबतीत वेंडल नोवाचेकला कुणी शिकवायला जाऊ नये! आमच्या हार्लो गावात धान्याच्या कोठारांवरचे वजनकाटे तपासण्यात या माणसाची सत्तावीस वर्षं गेली. चर्चच्या जेवणात कुणी ताटात बटाटे जरा जास्त वाढले, तरी हा वाढणाऱ्याचा हात धरतो. आता अशा माणसाची मुलगी बास्केटबॉल खेळायला लागली आणि तिला हेरायला कॉलेजांचे कोच यायला लागले, म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा!

कोचनं मुलीला कधी भेटावं, कधी फोन करावा, कधी नुसतं लांबून बघावं, याचे नियम असतात. वेंडलनं त्यांचा गठ्ठा छापून आणला. तीनशे ऐंशी पानं! दोन आठवडे तो जेवतानाही गठ्ठा मांडीवर घेऊन बसत होता. शेवटी एका रविवारी त्यानं बायकोला आणि मुलीला समोर बसवलं.

"हा हिवाळा म्हणजे पाहणीचा काळ," तो म्हणाला. "कोचनं खेळ बघायचा, आणि घरी जायचं. आपल्याशी बोलायचं नाही, आपण त्यांच्याशी बोलायचं नाही. कळलं?"

"आणि समोरून कुणी 'नमस्कार' म्हणालं तर?" डोरीननं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तर छताकडे बघायचं!"

"अरे पण वेंडल, ते असभ्य दिसेल."

"दिसू दे! गेल्या वर्षी शेजारच्या मिल्बर्न गावच्या त्या मुलीचं काय झालं? बापानं कोचला घरी बोलावून स्टेक खाऊ घातला आणि नियम मोडला म्हणून पोरगी वर्षभर बाकावर बसली! माझ्या थियाच्या वाटेत मी एक चूक येऊ देणार नाही. एक म्हणजे एक नाही!"

थिया अकरावीत. अंगानं काटक, पण समोरच्या मुलीच्या हातातला चेंडू असा काढून घेते की त्या बिचारीला दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं. तिला जायचं होतं एकाच ठिकाणी, चाळीस मैलांवरच्या लिंडन क्रीक कॉलेजात. गुराढोरांचा डॉक्टर व्हायची तयारी तिथे चांगली होते, आणि तिथल्या कोच थीसनबाई स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या.

"पण बाबा, त्यांनी मला अजून एक ओळसुद्धा लिहिली नाही," ती हिरमुसून म्हणायची.

वेंडल कॉफीत बघत बसायचा. कारण ओळ आली होती! एक नाही, चार पत्रं आली होती. चारही त्यानं न उघडता टपालपेटीतून उचलली आणि टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली. पाहणीचा काळ संपला की मार्चमध्ये पोरीच्या हातात ठेवू, असा त्याचा बेत. आपल्या या शिस्तीवर तो मनातल्या मनात भलताच खूश होता.

मग आला तो शनिवार. दुपारी आमच्या शाळेत सामना होता. आमच्याकडे सामन्याच्या दिवशी खाण्याचा काउंटर पालकच चालवतात, आळीपाळीनं. त्या दिवशी पाळी नोवाचेकांची. डोरीन वाटीत गरम चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, ओतत होती, वेंडल शेजारी दालचिनीचे रोल ठेवत होता. (आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात. हसू नका, खाऊन बघा!) रांग पुढे सरकली, आणि समोर उभ्या राहिल्या खुद्द थीसनबाई! अंगात लिंडन क्रीकचं हिरवं जाकीट, तोंडभर हसू.

"एक चिली आणि रोल द्या. तुम्ही थियाचे वडील ना?"

वेंडलनं छताकडे पाहिलं.

बाईंनीही पाहिलं. वर काहीच नव्हतं.

"मी थीसन. लिंडन क्रीकहून आलेय. तुम्हाला माझी पत्रं—"

वेंडल दुसरीकडे वळला. डोरीनला राहवेना. "अहो, या ना—" एवढं ती बोलली मात्र, वेंडलनं तिच्या पायावर पाय दिला! "आई गं!" ती ओरडली, "मी... मी कांदा आणते!" आणि मागच्या खोलीत पळाली. ती सामना संपेपर्यंत बाहेर आली नाही.

आता काय करावं? वेंडलनं स्वतःच्या घशाकडे बोट दाखवलं आणि जोरजोरात मान हलवली. त्याला म्हणायचं होतं, मला बोलायची परवानगी नाही. बाईंचा चेहरा एकदम कनवाळू झाला.

"अरेरे! माफ करा हं, मला कल्पनाच नव्हती," त्या म्हणाल्या. मग सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. "तुमची! मुलगी! फार! छान! खेळते!"

सगळी रांग वळून बघायला लागली. गावातला जो माणूस गेली सत्तावीस वर्षं तोंड बंद ठेवत नाही, त्याच्याशी एक परकी बाई हातवारे करून बोलतेय! वेंडलचे कान लाल झाले. पण गडी हटला नाही. त्यानं चिलीची वाटी पुढे सरकवली, पैसे घेतले, सुटे परत दिले आणि पुन्हा छताकडे बघितलं.

सामन्यात थियानं कमाल केली. शेवटच्या मिनिटात दोनदा चेंडू हिसकावला, आमचा संघ एका गुणानं जिंकला आणि शाळेचं छप्पर उडायचंच बाकी राहिलं! पण टाळ्या घ्यायला वेळ कुठला? काउंटर डोरीनवर सोडून वेंडलनं पोरीला घामाघूम अवस्थेतच मागच्या दारानं बाहेर काढलं, ट्रकच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि तिच्यावर कुत्र्याची घोंगडी टाकली.

"बाबा, श्वास कोंडतोय!"

"फाटकाबाहेर जाईपर्यंत कळ काढ! त्या इथेच कुठेतरी आहेत."

आणि खरंच होत्या! फाटकाजवळच त्यांची गाडी बंद पडलेली, बॉनेट उघडं, आणि बाई बर्फात उभ्या राहून हात चोळतायत. आता आमच्याकडे थंडीत कुणाची गाडी अडली आणि तुम्ही न थांबता पुढे गेलात, तर लोक तुमच्या नातवंडांनाही ते ऐकवतात. वेंडलची अशी ओढाताण आयुष्यात झाली नव्हती. पण पाय ब्रेकवर गेलाच. तो खाली उतरला, सीटखालून, एका गाडीच्या बॅटरीवर दुसरी गाडी चालू करायच्या तारा काढल्या आणि तोंडातून अवाक्षर न काढता जोडायला लागला.

"देव तुमचं भलं करो!" बाई म्हणाल्या. मग, हा बोलू शकत नाही अशा समजुतीनं, मन मोकळं करावं तशा बोलत राहिल्या. "वाईट एवढंच वाटतं, की तुमच्या मुलीला आमच्याकडे यायचंच नाही. चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. माझ्या संघात आता एकच जागा उरलीय, आणि संध्याकाळपर्यंत नाव कळवायचंय. थियाचं नाव आज खोडणार मी."

वेंडलनं तार जोडायची सोडून बाईंकडे बघितलं.

आणि ट्रकमधून आवाज आला, "आक्छी!"

घोंगडी उठून बसली. केसात कुत्र्याचे केस अडकलेली थिया दार उघडून बर्फात उतरली, ती थेट बाईंपुढे येऊन उभी राहिली.

"चार पत्रं?" तिनं विचारलं. बाईंना नाही, बापाला.

"पाहणीचा काळ!" वेंडलचा बांध फुटला. "बाई, नाव खोडू नका! चूक माझी आहे, पोरीची नाही! पान दोनशे बारा! पाहणीच्या काळात बोलायचं नाही, म्हणून मी पत्रं खणात कुलपात—"

थीसनबाई दचकून दोन पावलं मागे सरल्या. "तुम्ही बोलता?"

"सतत," थिया म्हणाली.

"अहो, ते पान मोठ्या विद्यापीठांचं!" बाईंनी कपाळाला हात लावला. "आमचं कॉलेज केवढंसं! अकरावीतल्या मुलीशी आम्ही केव्हाही बोलू शकतो. आणि पत्रं वाचायला तर कुणाच्याच नियमात बंदी नाही! गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, हे नियम कुणासाठी ते."

पहिलं पान! ते वेंडलनं कॉफीच्या कपाखाली ठेवायला घेतलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आपण ज्या पोरीसाठी एवढा आटापिटा केला, तिचीच जागा आपल्या हातानं घालवत होतो, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

थिया मात्र हलली नाही. "मला तुमच्याकडेच यायचंय," ती बाईंना म्हणाली. "नववीपासून यायचंय. संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? खण फोडते, चारही पत्रांची उत्तरं लिहिते आणि स्वतः आणून देते. चालत यावं लागलं तरी!"

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बापाचा हट्टीपणा लेकीत पुरेपूर उतरला होता, फक्त तो योग्य दिशेला वळलेला होता.

"पत्रांची गरज नाही. नाव ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी कॉलेज बघायला ये. आईवडिलांना घेऊन ये. पण नोवाचेक, तुमच्यासाठी माझा एक नियम आहे. तुम्ही आवारात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्हाला जमतं, आज मी बघितलंय!"

वेंडलनं तोंड उघडलं. मग मिटलं. खिशातला पेन काढला, काउंटरवरून खिशात राहिलेला एक कागदी रुमाल ट्रकच्या दारावर धरला आणि त्यावर लिहिलं, 'हा नियम कधीपासून लागू?'

थियानं वाचलं, आणि बाईंच्या आधी तीच म्हणाली, "आत्तापासून, बाबा!"