दहापैकी अडीच

सोमवारी सकाळी मास्तरांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतली फाटलेली गादी नीट केली आणि संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं. पाय अजून बधिर होता. "बघ, काही म्हणजे काही दुखत नाही," मास्तर म्हणाले आणि मास्तरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. रविवारी त्या बहिणींबरोबर आठ दिवस समुद्रावर जाणार होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. तोवर मास्तर जिना उतरू लागले नाहीत, तर समुद्र राहिला समुद्राच्या जागी.

मंगळवारी बधिरपणा उतरला. दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला.

"आजोबा, दुखणं दहापैकी किती?"

मास्तरांनी डोळे मिटले, पलंगाची कड घट्ट धरली, घाम पुसला. "तीन."

"अरे वा! मग मोठी गोळी नको, साधीवर भागेल. व्यायाम चुकवू नका."

फोन ठेवताच मास्तरांनी अशी आरोळी ठोकली, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, "कपाट पडलं का हो?" गुडघा वाकवणं दूरच, बर्फाची पिशवी नुसती दाखवली तरी ते भिंतीकडे सरकत होते.

बुधवारी पुन्हा फोन. मास्तर विव्हळत म्हणाले, "अडीच."

"अहो!" मास्तरीणबाईंना राहवेना. "रात्रभर घर डोक्यावर घेतलंत आणि अडीच?"

"काल कळ एका जागी होती. आज घडीत इथे, घडीत तिथे. मांडणीत सातत्य नाही. अर्धा कापला."

"तुम्ही दुखण्याचा पेपर तपासताय की काय?"

"दहापैकी म्हटलं की तपासायलाच हवं! चाळीस वर्षं गणित शिकवलं, कधी मार्कांची खैरात केली नाही. हे दुखणं कालपरवा आलेलं, त्याला एकदम नऊ देऊ? शेफारेल!"

मास्तरीणबाईंनी फोन हिसकावला. "सिस्टर, यांचा आकडा धरू नका हो. हात फार आखडता आहे."

सिस्टरने विचारलं, "यांच्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलाला किती मिळायचे?"

"साडेतीन."

"अगंबाई! म्हणजे आजोबांचं दुखणं वर्गात वरच्या नंबरात आहे!"

तिने डॉक्टरांना विचारून मोठी गोळी पुन्हा सुरू केली. दुखणं वाढायची वाट न बघता ठरल्या वेळी घ्यायची आणि अर्ध्या तासाने व्यायाम. गुरुवारी गोळी लागू पडली. पाय उशीवर, उशीवर बर्फ, हातात पेपर. मास्तर इतके सुखावले, की व्यायामाचं नावच काढीनात. मास्तरीणबाईंनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, आता हे हलतच नाहीत!"

"फोन द्या त्यांना. आजोबा, व्यायामाला तुम्हाला दहापैकी चार."

"चार?" मास्तर ताडकन बसते झाले. "मला? पेपर न बघता?"

"पेपर इथे घेऊन या, मग बघू."

झालं! शुक्रवारभर घरात मोठ्याने आकडे ऐकू येत होते. प्रत्येक वाकणं मास्तर मोजत होते आणि अर्धवट वाकलेलं खोडून पुन्हा करत होते. शनिवारी सकाळी त्यांनी काठी घेतली, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरून शेजारच्या गल्लीतला दवाखाना गाठला.

तासाभराने ते परतले, ते धुमसतच.

"किती दिले?" मास्तरीणबाईंनी भीत भीत विचारलं.

"दहा! दहापैकी दहा! तिसऱ्या व्यायामात टाच उचलली गेली होती, मला स्वतःला दिसलं. तिला दिसलं नाही? तपासणीला काही दर्जाच राहिला नाही. हे मी खपवून घेणार नाही. फेरतपासणी मागतो!"

आणि ते काठी टेकत वळले.

मास्तरीणबाईंनी शांतपणे बहिणीला फोन लावला. "माझी जागा धरून ठेव. हे दुसऱ्यांदा जिना उतरतायत."