ताशी पन्नास मैल आणि दोन चोपदार

“मोटार एवढी पळते, तर तुमची कंपनी का बसली?”

धारच्या मुलींच्या शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून प्रमोदिनीने पाहुण्यांना हे सरळ तोंडावर विचारलं. पोह्यांची बशी अजून तिच्याच हातात होती. तिचे वडील कृष्णराव, संस्थानच्या बग्गीखान्याचे दारोगा, जोरात खाकरले. मोटारीचे एजंट उमाशंकर मात्र हसले.

“बेटी, विलायतेत आता सगळ्यांना सस्ती अन् धीमी गाडी पाहिजे. आमची कंपनी बनवते पन्नास मैलवाली. नऊ हजाराची सातला देतोय, तरी गिऱ्हाईक नाही. पण देवासात दोन गाद्या आहेत ना, थोरली पाती अन् धाकटी पाती! एका पातीच्या सरदाराने घेतली की दुसऱ्या पातीच्याला घ्यावीच लागते. एक विकली की दो समझो!”

कृष्णरावांचे डोळे चमकले. देवासात दोन्ही मोटारी खपल्या, तर बावीस वर्षांची नोकरी सोडून ते एजन्सी घेणार होते. प्रमोदिनीची आई दाराआडून म्हणाली, “जायचं तर पोरीला बरोबर न्या. तुम्हांला सुचत नाही ते ती विचारते.”

रविवारी मोटार देवासात उभी राहिली. थोरल्या पातीचे सरदार जयसिंगराव आणि धाकट्या पातीचे सरदार संताजीराव एकदमच आत बसले, कारण आधी कोणी बसायचं हे ठरेना. मोटार सुटणार तोच जयसिंगरावांनी हात वर केला.

“थांबा. आमचा चोपदार पुढे चालेल.”

“मग आमचाही चालेल,” संताजीराव म्हणाले.

चांदीच्या काठ्या घेऊन दोन म्हातारे पायी निघाले. एकाने दुसऱ्याच्या पुढे जायचं नाही, म्हणून दोघेही पाऊल जपून टाकत होते. मागून ताशी पन्नास मैलांची मोटार गुरगुरत सरकत होती. प्रमोदिनी शेजारून चालत होती, तर तिलाच मोटारीसाठी दोनदा थांबावं लागलं. चौकापर्यंत यंत्रातलं पाणी उकळलं आणि वाफेत दोन्ही पगड्या दिसेनाशा झाल्या.

“साडेपाच हजार!” उमाशंकर वाफेतून ओरडले.

“किमतीचं राहू द्या हो,” जयसिंगराव म्हणाले. “याहून हळू चालणारी आहे का? आमच्या गणोजी चोपदाराला दम लागतो.”

संताजीरावांनी मान डोलावली. दोन पातींचं एकमत झालेलं बघायला अख्खा बाजार गोळा झाला होता.

परतताना इंदूरच्या सडकेवर पुढे चोपदार नव्हता. उमाशंकरांनी सगळा राग मोटारीवर काढला. झाडं मागे पळू लागली. कृष्णरावांची पगडी उडाली, ती आणायला थांबा म्हणायचंही भान त्यांना राहिलं नाही. ते डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होते आणि शेजारी प्रमोदिनी ओरडत होती, “काका, और तेज!”

घरी येताच कृष्णराव ओसरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. “माझे घोडेच बरे. नोकरी सोडत नाही,” ते म्हणाले. आईने लगबगीने देवापुढे साखर ठेवली.

“तात्या, माई, मी ठरवलंय,” केसांतली धूळ झटकत प्रमोदिनी म्हणाली. “मी मोटार हाकायला शिकणार. कंपनी दिवाळीपर्यंत टिकली, तर एजन्सीही मीच घेणार. अन् देवासला परत जाणार. या खेपेला दोन्ही चोपदार पुढे माझ्या शेजारी बसतील.”